कुबल सिस्टरांची चार पानं

कुबल सिस्टर आमच्या दवाखान्यात रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे क्वार्टरची किंवा रजेची चौकशी केली नाही. त्यांनी टेबल मागितलं.

"परबानू, माका एक टेबल व्हया. खिडकेकडे. आणि गुरवारी थंय दुसऱ्या कोणाक बसवूचा नाय."

मी तिथला हेड क्लार्क. हेड म्हणजे माझ्या हाताखाली एक शिपाई आणि एक टाइपरायटर होता, आणि दोघेही लहर आली तर चालायचे. नव्या माणसाने काही मागितलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, एवढं मी नोकरीत शिकलो होतो. मी म्हटलं, "सिस्टर, तशी तरतूद नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तरतूद नाय, काय टेबल नाय?"

टेबल होतं. दुपारपर्यंत ते खिडकीपाशी गेलं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि कुठला कागद अजून रत्नागिरीला पाठवायचा याचा आमच्या ऑफिसात रोज घोळ चालायचा. मालवणच्या किनाऱ्यावरचा आमचा छोटा सरकारी दवाखाना. दळवी डॉक्टर एकटे. बाळंतपणं, सर्पदंश, जुलाब आणि मारामाऱ्या यातच त्यांचा दिवस जायचा. कुबल सिस्टर मूळच्या जामसंड्याच्या. वडील होडीवर जाणारे, आई मासे विकणारी. आईच्या हाताची बोटं चाळिशीतच वाकडी झाली, शेवटी शेवटी तिला भाताचा घास करता येत नव्हता, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. नर्सिंग शिकून त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बारा वर्षं सांध्यांच्या विभागात काढली होती. आई गेली, वडील एकटे पडले, तेव्हा बदली मागून इकडे आल्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

गुरुवार सांधेवाल्यांचा झाला. मुंबईचे एक डॉक्टर, मूळचे आमच्याच भागातले, महिन्यातून एकदा गावी यायचे तेव्हा आमच्याकडे येऊन हे पेशंट बघायचे आणि औषध ठरवून जायचे. मधले तीन-चार गुरुवार सगळं सिस्टरांवर. दळवी डॉक्टरांना कोणी गुडघा दाखवला तर ते हात जोडायचे. "सांध्यांचं मला विचारू नका, सिस्टरना विचारा," म्हणायचे.

पेशंट समोर बसला की सिस्टर आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या, मे महिना असला तरी. मग एकेक सांधा अंगठ्याने दाबायच्या. किती दाबायचं याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. आपल्या अंगठ्याचं नख पांढरं होईल तितकंच. "ह्याच्या वयर दाबलंय तर बरो सांधो पण बोंबलतलो," त्या म्हणायच्या. त्यांच्या वहीत माणसाच्या दोन हातांचं चित्र काढलेलं असायचं आणि दुखऱ्या सांध्यावर फुली. पुढच्या महिन्यात फुल्या कमी झाल्या की वही पेशंटपुढे धरायच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही ते चित्र कळायचं.

संधिवाताच्या या आजारात सकाळी हात आखडलेले असतात. ते सुटायला किती वेळ लागतो यावरून आजार किती जोरात आहे ते समजतं. पण आमच्या बायकांकडे घड्याळं कुठली? वेळ विचारली की "बराच" एवढंच उत्तर. म्हणून सिस्टर वेळ विचारतच नसत. "उठल्यार चाय कोण करता गो? तू काय सून?" "न्हाणयेच्या पाण्याक आग कोण घालता?" "पाणी शेंदतलंस तवसर बोटां सुटतत?" वहीत त्या तसंच लिहायच्या. 'चहा सून करते. पाणी स्वतः शेंदते.' मुंबईचे डॉक्टर पहिल्यांदा हसले होते. नंतर तेच विचारायला लागले, "हिचा चहा कोण करतं सध्या?"

आणि बांगड्या. जत्रेतून त्यांनी कासाराकडून वेगवेगळ्या मापांच्या बांगड्या आणून एका दोरीत ओवून ठेवल्या होत्या. बाईची मूठ जवळ घेऊन कुठल्या मापाची बांगडी बोटांच्या मुळांवरून सहज जाते ते बघायच्या आणि लिहायच्या. ज्या बाईला मागच्या महिन्यात दोन-आठची जेमतेम जात होती, तिला आज दोन-सहाची गेली, म्हणजे सूज उतरली. मी खवचटपणे विचारलं, "सिस्टर, ही बांगड्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात घ्यायची?" त्या म्हणाल्या, "तुमच्या नको. तुमच्या रजिस्टरात गेलेला काय परत गावणा नाय." खरं म्हणजे ते बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

दुखतं म्हणणाऱ्याला त्यांनी कधी खोटं पाडलं नाही. सुनेचं काम टाळायचं ढोंग आहे अशी तक्रार घेऊन येणाऱ्या सासवा असायच्या. सिस्टर सासूलाच समोर बसवायच्या, तिचाही हात तपासायच्या, आणि बहुतेक वेळा तिथेही एखादी फुली सापडायची. मग सासू गप्प. "माणूस खोटा बोलात, सांधो बोलणा नाय," असं त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं.

शेवंता त्यांना सापडली ती एस्टी स्टँडवर. शेवंता म्हणजे बाजारात मासे विकणारी, तोंडाने फटकळ, ओळखत नाही असा माणूस नाही. त्या दिवशी आम्ही दोघं गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बायका शेवंताला म्हणत होत्या, बरी भरलंस गो, गाल वयर इले. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोणाची पुडी खातंस?"

"कसली पुडी? मी काय पुडीबिडी खाणय नाय."

"गाल गोल झालेहत आणि दंड सुकले. आत्ता उठताना खांबाक धरलंस. कोणाची?"

शेवंताने इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. बाजाराच्या दिवशी एकजण पुड्या विकायला यायचा. पुडी घेतली की दोन दिवसांत हात मोकळे, मासे कापायला लागायची. आत काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. सिस्टरांना ठाऊक होतं. स्टेरॉइड. ते जालीम औषध योग्य माणसाने मोजून दिलं तर उपयोगाचं, आणि असं पुडीतून खाल्लं तर आतून माणूस पोखरणारं. शेवंता घाबरून म्हणाली, "आजपासून बंद करतंय." तेव्हा सिस्टरांचा आवाज चढला. मी तो एकदाच चढलेला ऐकला. "एकदम बंद करशीत तर मरशीत. गुरवारी ये. हळूहळू उतरवया."

ते उतरवणं सहा महिने चाललं. मुंबईच्या डॉक्टरांनी हिशोब लिहून दिला होता, पण गोळ्यांचे ब्लेडने चतकोर करून आठवड्याच्या वेगळ्या पुड्या बांधायच्या सिस्टर. मग शेवंताला सोन्याचं इंजेक्शन सुरू झालं. तेव्हा या आजारावर खरोखरच सोन्याच्या क्षाराचं इंजेक्शन द्यायचे. तिच्या नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तां सोना अंगात रवता काय हो?" मी त्याला सिस्टरांकडे पाठवला. सिस्टर म्हणाल्या, "रवता. पण सोनार काडून देवचो नाय." पुढे कितीतरी दिवस बाजारात शेवंताला सगळे सोन्याची बाय म्हणत होते.

या इंजेक्शनाची एक भानगड होती. मूत्रपिंडाला बाधू शकायचं. म्हणून प्रत्येक वेळी आधी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. ढगाळ झाली तर इंजेक्शन नाही. एका गुरुवारी शेवंताची नळी ढगाळ झाली. दळवी डॉक्टर कॅम्पला गेले होते, मुंबईच्या डॉक्टरांच्या कागदावर 'द्यावे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सिस्टरांनी दिलं नाही. शेवंता धंदा सोडून आली होती, तिने दवाखाना डोक्यावर घेतला. "डॉक्टर मोठो काय तू मोठी?" सिस्टर म्हणाल्या, "नळी मोठी." त्या महिन्यात मुंबईचे डॉक्टर आले, वही बघितली आणि म्हणाले, दिलं असतंत तर ही बाई गेली असती. शेवंता दुसऱ्या दिवशी पापलेटं घेऊन हजर. सिस्टरांनी ती घेतली नाहीत. दवाखान्यात वास येतो म्हणे. होडीवाल्याची मुलगी मला वासाचं सांगत होती.

तर असं सगळं चाललेलं असताना जिल्ह्याकडून एक परिपत्रक आलं. ज्या अनुभवी परिचारिका एखाद्या विशिष्ट आजाराचं काम करतात त्यांची माहिती हवी होती. त्या स्वतः काय तपासतात, कुठला निर्णय स्वतः घेतात, कोणाच्या अधिकाराने, त्यांच्या कामावर लक्ष कोण ठेवतं. ज्यांचं काम योग्य वाटेल त्यांना वरिष्ठ म्हणून नेमून तसा लेखी अधिकार देण्याचा विचार आहे, असं शेवटच्या ओळीत होतं. शेवटच्या ओळीवर आमच्या ऑफिसात कोणी विश्वास ठेवत नसे. सरकार माहिती मागतं ते कान धरायला, असं मी तीन साहेबांच्या हाताखाली शिकलो होतो.

सिस्टरांनी चार पानं लिहून आणली. सुवाच्य अक्षर, शाळेतल्यासारखं मार्जिन सोडलेलं. सांधे कसे मोजते, ते होतं. नळी ढगाळ झाली तर डॉक्टर नसले तरी इंजेक्शन थांबवते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगते, ते होतं. ठरवून दिलेल्या हिशोबात राहून गोळीचा चतकोर कमी करते, तेही होतं. आपल्याला काय येत नाही त्याचं वेगळं अर्धं पान होतं. सांध्यातलं पाणी काढणं मला येत नाही, ते मी करत नाही. एकच सांधा लाल होऊन ताप आला तर मी हात लावत नाही, डॉक्टरांना झोपेतून उठवते. आणि शेवटच्या पानावर चक्क स्वतःची चूक लिहिली होती. मुंबईत असताना एका बाईला तोंडात फोड आलेत का हे न विचारता इंजेक्शन दिलं, तिच्या अंगभर पुरळ उठलं, महिनाभर ती खाटेवर होती. तेव्हापासून आधी तोंड उघडायला सांगते.

मी वाचून हादरलो. म्हटलं, "सिस्टर, हे असं लिहितात का? चूक कोणी स्वतःच्या हाताने कळवतं?"

"जां करतंय तां लिवलंय. तेंनीच विचारल्यानी मा?"

मी पानं दळवी डॉक्टरांना दाखवली. ते भले माणूस, पण त्यांची मुलगी कॉलेजात होती आणि पेन्शनला थोडी वर्षं उरली होती. ते म्हणाले, "परब, नर्स माझ्या गैरहजेरीत डोस बदलते असं कागदावर गेलं तर आधी मी जाईन, मग ती. जरा जपून टाईप करा." एवढंच म्हणाले. पुढचं मी केलं. चार पानांच्या जागी मी एक परिच्छेद टाईप केला. 'सदर परिचारिका या वैद्यकीय अधिकारी यांच्या सूचनेनुसार व देखरेखीखाली संधिवाताच्या रुग्णांच्या तपासणीस साहाय्य करतात. स्वतंत्र निर्णय घेत नाहीत.' कुठे बोट ठेवायला जागा नाही असा मसुदा. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सहीला नेला तो गुरुवारी, भर गर्दीत. त्यांच्या एका हातात कुणाचं तरी मनगट होतं. मी म्हटलं, "वाचून घ्या." त्या म्हणाल्या, "तुमी टाईप केलास मा? मगे काय वाचूचा?" आणि मनगट न सोडता दुसऱ्या हाताने सही केली. त्यांची चार पानं मी फाडली नाहीत. फाईलच्या तळाला लावली. तळाला लावलेला कागद कोणी वाचत नाही, हे मला माहीत होतं.

उत्तर यायला पाच महिने लागले. सदर कामास विशेष कौशल्य लागत असल्याचे दिसून येत नाही, म्हणून गुरुवारचा वेगळा कक्ष बंद करावा, आणि परिचारिकेची सेवा कणकवलीच्या बाजूच्या एका केंद्राकडे कुटुंबकल्याणाच्या कामासाठी वर्ग करावी. माझंच वाक्य त्यांनी माझ्यावर उलटवलं होतं. जो माणूस सांगितल्याशिवाय काही करत नाही, तो कुठेही चालतो, त्याच्या जागी कोणीही चालतो.

सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या आणि ऑफिस कॉपी मागितली. उभ्यानेच वाचली, दोनदा. मग म्हणाल्या, "परबानू, ह्यां माझां काम नाय." कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सही माझी आसा."

मी बोलायला लागलो. तुमच्याच भल्यासाठी, नोकरीवर गदा आली असती, दळवी साहेबांची पेन्शन. त्यांनी ऐकून घेतलं.

"माका विचारलास?"

नव्हतं विचारलं. मी त्यांना वाचवायला निघालो होतो आणि ज्या माणसाला वाचवायचं त्याला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वह्या, नळ्या, दिवा यांचा चार्ज दिला आणि शनिवारी गेल्या. पुढे दुसऱ्या एका परिपत्रकात वाचलं की भलत्याच जिल्ह्यातल्या एका नर्सबाईंनी आपण काय काय करतो ते सगळं उघड लिहिलं होतं आणि त्यांना लेखी अधिकार मिळाला होता. ते परिपत्रक मी नोंदवून घेतलं. मी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं होतं, नाही असं नाही. दळवी डॉक्टर म्हणाले, आता आपण दोनदा खोटे ठरू. मी कागद टाइपरायटरमधून काढून घेतला. डॉक्टरांचं ऐकायला मला कोणी बांधलं नव्हतं.

पुढचे कितीतरी गुरुवार माणसं येत राहिली. व्हरांड्यात बसायची, मी बाहेर येऊन सांगायचं, सिस्टर नाहीत. मुंबईचे डॉक्टर दोनदा आले आणि मग त्यांनी येणं सोडलं. नळी उकळणारं कोणी नसेल तर मी इंजेक्शन लिहून देणार नाही, म्हणाले. शेवंता पुन्हा बाजारातल्या माणसाकडे गेली. पहिल्या वर्षात तिचे गाल वर आले, दुसऱ्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. तिच्या जागेवर आता तिची जाऊ बसते. मी तिच्याकडून मासे घेत नाही, लांबून जातो.

सिस्टरांना मी त्यानंतर एकदाच बघितलं, चार वर्षांनी. जुन्या सामानाच्या यादीचं काम घेऊन त्या केंद्रात गेलो होतो. त्याचं काही मोठंसं कारण नव्हतं, यादी टपालानेही गेली असती. मी माफी मागायला गेलो होतो. वाक्यं एस्टीत जुळवून ठेवली होती. सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते. "येवा परबानू," म्हणाल्या, चहा सांगितला, दळवी डॉक्टरांची चौकशी केली, शेवंताची केली. शेवंताचं मी खरं सांगितलं. 

मी विचारलं, "इथे सांधेवाले येत नाहीत का?"

"येतत. इल्या इल्या एकाक बघलंय. हंयच्या डॉक्टरांनी फाईल काडून दाखवल्यानी. म्हणाले, तुमीच लिवन दिलास, स्वतंत्र निर्णय घेत नाय म्हणान. मी काय सांगतलंय?"

तेवढ्यात एक बाई आली. तिशीची असेल. दोन्ही हात पदरात धरून उभी राहिली. "सिस्टरनू, वायच हात बघा मा. सकाळची मूठ वळणा नाय."

सिस्टरांनी मान वर केली नाही. "डॉक्टर मंगळवारी येतत. तेंका दाखव."

"तुमका कळता म्हणान सांगल्यानी वाडयेत."

"माका नाय कळणा. मी मदतीक आसंय."

बाई हात पुन्हा पदरात घेऊन गेली. सिस्टरांनी पट्टी घेतली आणि रजिस्टरात पुढची रेघ मारली. ती रेघ सरळ मारायला त्यांना बराच वेळ लागला.  मी यादीवर तेवढी सही घेतली आणि निघालो.

ती बाई माझ्याच गाडीत चढली, शेजारच्या बाकावर बसली. कंडक्टर आला तेव्हा तिला कमरेच्या पिशवीची गाठ सुटेना. मी सोडून दिली. ती म्हणाली, "तुमी त्या सिस्टरच्या वळखीचे दिसतास. तेंका सांगशात काय माझे हात बघूक?"

मी म्हटलं, "सांगतंय." गाडी तोपर्यंत कणकवली सोडून पुढे आली होती.